खाऱ्या बेटावर मध्यान्ही शिसे वितळविले त्याची हकीकत

समुद्रास साक्ष ठेवून, खरे तेवढेच खारवून लिहिले ऐसे जे. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आणि संवत्सराने नावाप्रमाणेच तोंड केले होते, ते समयी खाऱ्या बेटावर एक राज्य नांदत होते. राज्याचे नाव पुसो नये, नाव घ्यावे इतुके आता काही उरले नाही. चहूंकडे पाणी आणि पिण्यास थेंब नाही, विहिरी खारट, गोडे पाणी पैलतीराहून मचव्यांनी येई. तेथे भानजी दरेकर म्हणोन आरशांचे दरोगे होते. त्यांनी ऐशी युक्ती काढिली की, माळावर शंभर पितळी आरसे मांडून सगळ्यांचे ऊन एका तांब्याच्या हंड्यावर पाडावे, हंड्यात समुद्राचे पाणी उकळावे, वाफ नळीने नेऊन निववावी, आणि मीठ हंड्यात राहून गोडे पाणी टाक्यात उतरावे. आरशांपाशी गडी ठेविले, ते सूर्य सरके तैसा आरसा सरकवीत, आणि सकाळपासून सांजेपर्यंत पाणी ठिबकत राही. युक्ती खरी होती. म्हणोनच दरबारच्या नजरेत भरली आणि तेथून घात जाहला.

महाराजांचा परिपाठ ऐसा की, दिवसातून एकदाच बाहेर पडावे, तेही मध्यान्ही, स्नान-भोजन आटोपून, छत्राखाली. एके दिवशी माळावर आले, तेव्हा भानजींनी त्यांस खूष करावे म्हणोन पळीत शिशाची गोळी ठेविली आणि पळी उजेडाच्या झोतात धरिली. गोळी पाहता पाहता पाणी होऊन गेली. महाराज टाळी देऊन म्हणाले, “वाहवा भानजी! सूर्य आमच्या चाकरीत आणलात!” आणि तेथल्या तेथे पालखी बहाल केली. मग रोज मध्यान्ही शिसे वितळो लागले, नगारे वाजो लागले. मग फडणीस अंताजीपंत पुढे सरले आणि बोटांवर मोजीत बोलले, “महाराज, आत्ता एका घटकेत एक हंडा पाणी उतरतं. दिवसाच्या घटका तीस. म्हणजे तीस हंडे. मग मचवे कशाला पोसायचे?” महाराजांनी पुसले, “सकाळी शिसे वितळते काय?” भानजी म्हणाले, “नाही महाराज, सकाळचं ऊन मऊ.” महाराज म्हणाले, “मग मऊ उन्हासाठी गडी कशास? आरसे मध्यान्हीचा सूर्य धरून बसवा आणि खिळे ठोका.” भानजींच्या ओठांवर एक गोष्ट आली होती. परंतु भोई पालखी घेऊन उभे होते, सबब ती गिळली. मग खिळे ठोकिले, गडी काढिले आणि मचवे पैलतीरी विकून टाकिले.

भानजींची लेक चिमाऊ बाळंतपणास माहेरी आली होती. खिळे ठोकून महिना भरला नाही तो भानजींचे कुटुंब सगुणाबाई रिकामी घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो पालखीवाले, टाक्यात खडखडाट आहे. तीस हंडे कुठं गेले?”

“अगं, दुपारचा ताव बघ तरी. शिसं वितळतं.”

“चिमाऊ शिसं पिते काय?”

तेव्हा भानजी खाली बसले आणि जे दरबारी बोलावे ते चुलीपुढे बोलले. “ताव म्हणजे त्या क्षणी ऊन किती जोरानं पडतं ते. पाणी किती उतरेल ते, तो जोर किती वेळ टिकला त्यावर आहे. घोडा घटकाभर उधळला, आणि पंतांनी तो दिवसभर उधळला असं धरून मजल मोजली. आरशांनी ऊन वाढत नाही गं, माळावरचं एका जागी गोळा होतं इतकंच. सकाळचं मऊ ऊन शिसं वितळवत नाही, पण हंडा तापवतं की!”

“हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग इथं काय सांगता? तिथं बोला.”

दुसरे दिवशी महाराजांनी सहज पुसले, “काय भानजी, काम कैसे?” सगळा दरबार भानजींकडे पाहो लागला. आणि भानजींनी मुजरा करून उत्तर दिले, “महाराज, ताव उत्तम आहे.” त्या आठवड्यात चिमाऊ प्रसूत झाली, पुत्र जाहला, परंतु बाळंतिणीस पाणी नाही, सबब दूध उतरेना, पोर रडून रडून निळे पडो लागले.

मग भानजींनी पहाटेच माळावर जाऊन आपल्या हाते खिळे उपटिले. सगुणाबाईंनी कोळणी जमविल्या, त्या आरशांपाशी उभ्या राहिल्या आणि सूर्यासंगे आरसे फिरवू लागल्या. एका जागी झोत पडून हंड्याचे तांबे पातळ जाहले होते, म्हणोन भानजींनी ऊन हंड्याच्या सगळ्या पोटावर पसरिले. पाणी सकाळपासूनच ठिबकले. चिमाऊस तांब्या भरून गेला, घरोघर घोटघोट गेले. मध्यान्ही महाराज आले. पळी धरिली. गोळी वितळेना.

“ताव गेला!” अंताजीपंत ओरडले.

“गेला नाही महाराज, पसरला,” भानजी म्हणाले. “टाक्यात वाकून बघा एकदा.”

“आम्ही वाकत नाही,” महाराज म्हणाले.

पालखी काढून घेतली, खिळे पुन्हा ठोकिले, माळावर पहारा बसला. दुसरे दिवशी शिसे उत्तम वितळले आणि नगारे वाजले.

पुढे वाड्यातलेही पाणी सरले, तेव्हा बेट सोडून जावे ऐसे ठरले आणि होडी धाडून पैलतीराहून एक मचवा मागविला. पहिल्या खेपेस कोण, ऐसा प्रश्न पडला. पंत म्हणाले, “आरसे. ही राज्याची दौलत.” मग महाराज गेले, पंत गेले, शंभर आरसे गेले, आणि रयत धक्क्यावर उन्हात बसली. चिमाऊ बापाच्या खांद्यास टेकून होती.

“आबा, तिकडची विहीर गोडी आहे ना?”

“गोडी आहे, पोरी.”

“मग येऊ दे मचवा,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मचवा दिवस कलता आला. सगुणाबाई नातू पोटाशी घेऊन चढल्या. भानजी चढले. चिमाऊस चढविण्याचे कारण उरले नव्हते.

एकूण मतलब इतकाच की, त्या वर्षी बेटावर ऊन तसूभर कमी पडले नाही. दरबाराने त्याचा जोर पाहिला, दिवसाअखेरचे टाके पाहिले नाही, आणि ज्यास दिसत होते तो वेळेवर बोलला नाही. आरसे ओरखडा न पडता पैलतीरी पोहोचले. एवढी हकीकत.