खाजवणाऱ्याला भाजी नाही

भागाबाई माळीण हात पाहिल्याशिवाय भाजी देत नसे. आपला हात नव्हे, गिऱ्हाइकाचा.

अमरावतीला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. ह्यांची तिथल्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली होती आणि आम्ही साताऱ्याकडून सासूबाई, चार वर्षांची शांता आणि सात ट्रंका घेऊन वऱ्हाडात उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, हाडापेराने मजबूत बाई ओसरीवर टोपलं उतरवून बसली. वांगी अशी काळीभोर आणि तुकतुकीत, की मी न विचारताच शेरभर मागितली आणि बोलता बोलता डाव्या कोपराजवळ खाजवलं.

तिने तागडी खाली ठेवली.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हनलं ना!"

मी घाबरून हात पुढे केला. तिने मनगट धरून तो उलटासुलटा केला, दोन फोड पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"मच्छर चावला, तो गेला निंघून. त्याचं काम झालं. आता तू त्याच्या मांगून कायले नखं चालवून राह्यली?" असं म्हणून तिने माझी वांगी टोपल्यात परत टाकली. "खाजवनाऱ्याले भाजी नाई. उद्या पाहू."

त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, "कसली ही उर्मट माणसं!" मलाही तसंच वाटलं होतं. वऱ्हाडी बोलणं कानाला भांडणासारखं लागतं आणि ते भांडण नसतं, हे कळायला मला पुढे पाच-सहा महिने लागले. भागाबाईचं मात्र खरोखर भांडणच असे. डासांशी, आणि डासांपेक्षाही नखांशी.

गावाबाहेर नाल्यापलीकडे तिचा दोन एकरांचा मळा होता. नवरा केव्हाच वारला होता, दीर हिवरखेडला शेती करत होते. ही एकटीच मोट धरणाऱ्या गड्याला ओरडत भाजी पिकवायची आणि सकाळी आमच्या आळीत विकायला यायची. तिच्या टोपल्यात मेथीच्या जुड्यांखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कोरफडीचं पान आणि नखं काढायची नराणी हमखास असे. कोणी खाजवताना दिसलं की आधी हातावर चापट, मग उपचार. थंड पाण्याची घडी ठेवायची. कोरफडीचा गर लावायचा. नाहीतर चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप द्यायचा. फारच खाज सुटली तर तळहाताने थोपटायचं. "थापट, दाब, फुंक मार. पन नख नको!" हे ती इतक्या वेळा म्हणे की आळीतली मुलं तिला दुरूनच ओरडत, "भागामाय, नख नको!"

शेजारी एक अर्जनवीस राहत. कचेरीच्या दाराशी बसून लोकांचे अर्ज लिहीत. त्यांचा दरारा मोठा. एकदा ते ओसरीवर पोटरी खाजवत वर्तमानपत्र वाचत होते. भागाबाईने रस्त्यावरूनच त्यांच्या पोटरीवर कोथिंबिरीची जुडी हाणली. ते संतापून उठले. ती शांतपणे म्हणाली, "रागावजो मंग. आंदी पाय धू." आणि त्यांनी पाय धुतले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डास चावूच नयेत म्हणून ती उग्र वासाचं करंजाचं तेल द्यायची. ते लावलं की डास तर जवळ येत नसत, पण पाहुणेही येत नसत. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, मुलांना पायघोळ कपडे घालायचे आणि दर शनिवारी घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, असा तिचा हुकूम होता. ह्या शेवटच्या हुकुमावरूनच आमच्याकडे ठिणगी पडली.

भाद्रपदाचे दिवस होते. डास इतके, की जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने वारा. शांताचे हातपाय फोडांनी भरले होते. भागाबाई तिच्या हातांना कोरफड लावता लावता एकदम उठली आणि तडक मागच्या अंगणात गेली. तुळशीजवळ सासूबाईंचा सोवळ्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. तिने वाकून आत पाहिलं.

"ये, पाह्य इकडे," तिने मला बोलावलं. पाण्यात बारीक काळे किडे वळवळत होते. "हे उद्याचे मच्छर. पोट्टीले चावनारे हेच."

मी काही बोलायच्या आत तिने अंगणातला बांबू उचलला, हंड्याखाली घातला आणि हंडा उलथला. पाणी फसकन् अंगणभर झालं. आवाजाने सासूबाई बाहेर आल्या.

"अगं, सोवळ्याचा हंडा तो!"

"मच्छराले सोवळं नसते, माय."

"शिवलीस तू त्याला!"

"हात नाई लावला. बांबूनं पाडला."

बांबूने पाडलेला हंडा विटाळतो की नाही, ह्याचा निर्णय सासूबाईंना पटकन करता येईना. त्यामुळे त्यांचा राग दुप्पट झाला. त्या म्हणाल्या, "भागे, पुन्हा ह्या घराची पायरी चढायची नाही. आमची पोर आम्ही बघू."

भागाबाईने टोपलं उचललं. शांताकडे एकदा पाहिलं. ती दंड खाजवत होती. भागाबाईचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. ती निघून गेली. मी खाली मान घालून उभी राहिले. त्या घरात मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती.

त्यानंतर भागाबाई आमच्या फाटकासमोर रस्त्यावर उभी राहून ओरडे, "नखं कापली काय वं पोट्टीची?" सासूबाई दार लावून घेत. नखं मी कापली होती. पण शांता झोपेत खाजवायची, भिंतीला हात घासायची. मनगटावरचा एक फोड फुटला, त्याला पाणी सुटलं, मग पू झाला. सासूबाईंनी हळदीचा लेप दिला. आणि नेमके त्याच आठवड्यात हे शाळेच्या कामासाठी अकोल्याला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांता उठलीच नाही. अंगाला हात लावला तर चटका बसला. मनगट टम्म सुजलं होतं. मी बाही वर केली आणि मला दिसली ती एक लाल रेघ, मनगटापासून निघून कोपराच्या दिशेने चाललेली, कुंकवात बोट बुडवून ओढावी तशी.

"उष्णता आहे," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीने तो येईलच. मग नेऊ वैद्यांकडे."

इतक्यात रस्त्यावरून हाक आली, "भेंड्या, गवार!" मी शांताला कडेवर घेऊन तशीच फाटकाशी धावले. भागाबाईने रेघ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. नेहमीचा आरडाओरडा नाही, चापट नाही. टोपलं तिने हळूच खाली ठेवलं.

"कोळसा आन," ती म्हणाली.

मी चुलीतला कोळसा आणला. लाल रेघ जिथे संपत होती, तिथे तिने शांताच्या हातावर एक आडवी काळी खूण केली.

"शायेची मधली सुट्टी होईपर्यंत पाह्य. रेघ काळ्याच्या आत राह्यली तर ठीक. काळं ओलांडलं, तर मास्तराची वाट पाहू नको, कोनाचीच पाहू नको. मी अथीच बसतो."

आणि ती फाटकाबाहेर उन्हात बसून राहिली. पायरी चढायची नव्हती ना!

तो वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. शांताचा हात मांडीवर घेऊन मी बसले होते. दर थोड्या वेळाने वाटे, रेघ हलली. मग वाटे, नाही, आपलाच भास. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, पण त्यांची माळ थांबत थांबत चालली होती. बाहेर बायका येत, भाजी मागत, भागाबाई म्हणे, "आज इकायची नाई." भेंड्या उन्हात मान टाकत होत्या.

शाळेची घंटा व्हायच्या आधीच काळी खूण लाल रेघेच्या मागे पडली. चांगली दोन बोटं.

मी उठले. "मी हिला मोठ्या दवाखान्यात नेते."

"एकटी? कापाकापी करतात तिथे! तो आल्यावर—"

"नाही. आत्ताच."

सासूबाईंना मी दिलेला तो पहिला नकार. शांताला उचलायला गेले तर ती तापाने इतकी सैल पडली होती की मला धड उचलवेना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शांताकडे, मग फाटकाकडे. आणि त्या दारात जाऊन ओरडल्या, "भागे! बसलीस काय? आत ये! पोरीला उचल, हिच्याने उचलवत नाही!"

भागाबाई पायऱ्या चढून माजघरात आली, देवघरावरून गेली आणि शांताला खांद्यावर घेऊन निघाली. भाजीचं टोपलं रस्त्यातच राहिलं. टांगेवाल्याला ती सगळ्या रस्त्याने शिव्या घालत होती. शांताचा हात तिने आपल्या हातांवर उंच धरून ठेवला होता, खाली म्हणून येऊ दिला नाही.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि लगेच आत नेलं. मनगटावरची गाठ कापली, पू काढला. गरम पाण्याचा शेक आणि तेव्हा नव्यानेच आलेल्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "ही कोळशाची खूण कोणी केली?" भागाबाई खांबामागे सरकली. काही चुकलंमाकलं म्हणून रागावतील असं तिला वाटलं असावं. डॉक्टर म्हणाले, "ज्याने केली त्याने मुलगी वाचवली. तुम्ही उद्यापर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं."

हे संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीतून उतरून घरी पोचले आणि तसेच दवाखान्यात आले. दोन दिवस तापाची चढउतार चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी शांताने खायला मागितलं आणि मी तोंडात पदर घालून रडले.

त्या दुपारी भागाबाई आली तेव्हा मी एकटीच होते. ती खाटेजवळ खाली बसली. शांता बरी होत होती, म्हणजे कुरकुरत होती. तिच्या पाठीवर घामोळं आलं होतं.

"भागामाय," ती म्हणाली, "पाठ खाजव ना. तू खाजव. तुझी नखं मोठी आहेत."

मी चापटीची वाट पाहिली. भागाबाईने दोन्ही हात पटकन मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसली. तिचे ओठ हलत होते.

"काय झालं, भागाबाई?"

ती खाली बघत म्हणाली, "माही पोट्टी सोनी अशीच म्हने. एवढीच होती. तवा अचलपूरकडं मळ्यात रायचो आमी, मच्छर लई. झोप येये ना तिले. म्हने, माय, खाजव ना वं. रडे. मले पाहवे ना. मी खाजवून देत होती. सारी सारी रात मांडीवर घेऊन खाजवून देत होती. मोठं बरं वाटे तिले. हासे."

तिची नजर शांताच्या बांधलेल्या मनगटाकडे गेली.

"मंग पायावर लाल रेघ आली. अचलपूरच्या दवाखान्यात नेली. तथच्या कंपाउंडरनं रेघेपाशी शाईनं निशानी केली न् म्हने, बाई, उशीर केला. लोकायले वाट्टे, पोट्टीनं खाजवलं. तिची तं नखं मी कापत होती, बाई. तिनं नाई खाजवलं. माह्ये नखं होते ते."

तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण धाडस झालं नाही. शांताला ह्यातलं काही कळलं नव्हतं. ती कंटाळून कुशीवर वळली, आपला चांगला हात मागे आणून भागाबाईचा दंड चाचपू लागली. भागाबाईने हळूच एक हात सोडवला. शांताने तो ओढून आपल्या पाठीवर ठेवला. भागाबाईने तळवा तसाच सपाट ठेवला आणि हलकं हलकं थोपटायला लागली. बोटं तिने एकदाही वाकवली नाहीत. थोड्या वेळाने शांताला झोप लागली, तरी ती थोपटतच राहिली.

भेटायची वेळ संपल्याचं नर्सने दोनदा सांगितलं तेव्हा ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. आळीभर जिचा आवाज घुमे, त्या बाईचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"मास्तरीणबाई, पोट्टी घरी आली म्हंजे मी येऊ काय? भाजी घेऊन नाई. अशीच."