नुसत्या वाळूचा दाखला

ज्या माणसाला आपल्या गावाबद्दल मत नाही, तो त्या गावात राहत नसून फक्त झोपायला येतो, हे सर्वमान्य आहे. मत मांडायला मात्र अधिकार लागतो आणि अधिकार ज्येष्ठतेने येतो. इतर गावांत पणजोबांचं नाव सांगितलं की ज्येष्ठतेचा प्रश्न मिटतो. दुबईच्या खाडीकाठचं देरा हे जुनं, ऐतिहासिक ठिकाण असलं, तरी तिथल्या मराठी माणसांचे पणजोबा रत्नागिरी, सांगली अशा लांबलांबच्या ठिकाणी वारले असल्याने या कामी त्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणून तिथे ज्येष्ठता वाळूवर ठरते.

पद्धत सोपी आहे. दोन मराठी माणसं देऱ्यात प्रथमच भेटली, की एकमेकांना आडनाव विचारतात, मग गाव, आणि मग खरा प्रश्न येतो, "इथे कधी आलात?" उत्तर देणारा साल सांगतो, किंचित थांबतो आणि खाडीच्या दिशेला हात करून म्हणतो, "आम्ही आलो तेव्हा इथे नुसती वाळू होती." ज्याची वाळू जुनी, त्याने पुढची पंचेचाळीस मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने चहा मागवायचा.

चंद्रशेखर पाटणकरांची वाळू ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याहत्तरची होती. सब्खा बस स्टेशनमागच्या एका शिपिंग कंपनीत ते कारकून म्हणून लागले आणि चढत चढत ऑपरेशन्स मॅनेजर झाले. रहिवासाचा शिक्का पासपोर्टवर तीन तीन वर्षांचाच मिळत असल्याने चोवीस वर्षांत ते एकूण आठ वेळा रहिवासी झाले होते. (इतक्या वेळा रहिवासी होण्याचं भाग्य मूळ रहिवाशांनाही लाभत नाही.) ज्या दोन हजार एक सालची ही हकीकत आहे, त्या साली ते एकोणसाठ वर्षांचे होते. साठी झाली की कंपनी निरोप देणार आणि नववा शिक्का बसणार नाही, हे ठरलेलं होतं.

पाटणकरांची देऱ्याबद्दलची मतं हा एक स्वतंत्र ग्रंथ होईल. त्यांच्या मते चौकात सिग्नल आल्यापासून माणुसकी संपली. गोल चौक होता तेव्हा माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून गाडी घालत. टॅक्सीला मीटर बसले आणि ड्रायव्हरशी असलेले घरोब्याचे संबंध तुटले. खिडकीतला जुना एसी आवाज करायचा, पण चालू आहे की बंद हे प्रामाणिकपणे सांगायचा. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे तिथली होडी, सोडून पुलावरून जाणाऱ्यांना गावाची कदर नाही. ("पन्नास फिल्स! म्हणजे साडेसहा रुपये. साडेसहा रुपयांत समुद्र!") पूर्वीचा उकाडासुद्धा वेगळा होता, त्यात एक शिस्त होती.

ही मतं ऐकायला घरात कोणी उरलं नव्हतं. पत्नी विद्युल्लताबाई पहिल्या वाक्यालाच "हो, वाळू" म्हणून स्वयंपाकघरात जात. याच देऱ्यात जन्मलेली कॉलेजकन्या पर्णिका हेडफोन न काढता "बाबा, यू टोल्ड अस" म्हणे. त्यामुळे मराठी मित्रमंडळाने रौप्यमहोत्सवानिमित्त 'आद्य रहिवासी' हा सन्मान जाहीर केला, तेव्हा पाटणकरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शाल, श्रीफळ आणि सभागृहातली पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, तीही कायमची, असं सन्मानाचं स्वरूप होतं. चोवीस वर्षांत त्यांच्या नावावर इथे कायमचं असं काही झालं नव्हतं. जाण्याआधी या गावाने, निदान गावातल्या मराठी माणसांनी, 'हा इथला होता' असं एकदा म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मंडळाचे अध्यक्ष संजय कारखानीस हे चौऱ्याण्णव साली आलेले, म्हणजे वाळूच्या दृष्टीने भूमिहीन. तरीही त्यांनी निवडीसाठी पाच जणांची समिती नेमली आणि समितीने रीतसर अर्ज छापला. त्यातलं कलम चौथं, 'आगमनसमयी आढळलेले वाळूचे प्रमाण', फार विचारपूर्वक तयार केलेलं होतं:

(अ) नुसती वाळू.
(ब) वाळू व तुरळक इमारती.
(क) इमारती व तुरळक वाळू.
(ड) वाळू पाहण्यासाठी डेझर्ट सफारीचं तिकीट काढावं लागलं.

प्रत्येक वर्गाचे अधिकारही परिशिष्टात दिले होते. 'अ' वर्गाने ट्रॅफिक, भाडी व नवी पिढी यांवर अमर्याद बोलावं. 'ब' वर्गाला दहा मिनिटं. 'क' वर्गाने मान हलवावी. 'ड' वर्गाने खुर्च्या लावाव्यात.

एकूण चारशे बारा अर्ज आले. त्यांपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव जणांनी 'अ'वर खूण केली होती, आणि त्यांतले साठ जण शहाण्णव सालानंतर आले होते. एका गृहस्थांचं विमान तर मागच्याच मार्चमध्ये उतरलं होतं. पण विमानातून पाहिलं तेव्हा खाली नुसती वाळूच होती, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं. शेवटी समितीने पुरावा मागितला.

पुरावा फक्त पाटणकरांकडे होता. सत्त्याहत्तर साली त्यांच्या रूममेटने एक फोटो काढला होता. बेलबॉटम घातलेले, कंबरेवर हात ठेवून उभे तरुण पाटणकर आणि त्यांच्या मागे, आजूबाजूला, क्षितिजापर्यंत वाळू. डाव्या कोपऱ्यात एक शेळी. हा फोटो त्यांनी तेव्हा आईला मिरजेला पाठवला होता आणि मागे लिहिलं होतं, 'येथे काही नाही. मी खुशाल आहे.' आता तो मंचावर लावण्यासाठी सहा फूट बाय चार फूट मोठा करायचा ठरलं. शेळी काढून टाकू का, असं स्टुडिओवाल्याने विचारलं. पाटणकरांनी नकार दिला. त्यांच्या मते ती वाळवंटातली रानशेळी असून तिच्यामुळे वैराणपणाला उठाव येत होता.

"बाबा, इट्स वेअरिंग अ रोप," पर्णिका म्हणाली.

"रानटीच आहे ती," पाटणकर म्हणाले. "तेव्हा दोरीसुद्धा रानटी होती."

सोहळा शुक्रवारी दुपारी ठेवला होता. सभागृह दरवर्षीचंच. ते अहमद नावाच्या स्थानिक गृहस्थांच्या इमारतीत होतं. अहमद चाळिशीतले, कंदोरा या पांढऱ्या स्वच्छ, पायघोळ अरबी झग्यातले, अतिशय शालीन. मालक म्हणून त्यांना दरवर्षी पहिल्या रांगेत बसवलं जाई आणि ते मराठी नाटुकली, सुगम गायन आणि अध्यक्षीय भाषण या तिन्ही प्रसंगी सारखंच मंद हसत. त्यावरून त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही असा निष्कर्ष मंडळाने काढला होता आणि गेली वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पोटाबद्दल, पार्किंगबद्दल आणि त्यांच्या लिफ्टबद्दल मोकळेपणाने चर्चा होत असे.

जेवण ताजबींचं होतं, तेही दरवर्षीचंच. दापोलीकडच्या ताजबी नवऱ्याबरोबर एकोणसत्तर साली लाँचमधून आल्या होत्या आणि मंडळाच्या पहिल्या गणपतीपासून उकडीचे मोदक त्याच करत. त्यांना अर्ज दिलेला नव्हता. त्यांचं नाव सभासदांच्या यादीत नसून केटरिंगच्या यादीत होतं आणि केटरिंगच्या यादीला आगमनाचा रकाना नव्हता. यात समितीचा काही दोष नाही.

कारखानीसांनी दीड तास प्रास्ताविक केलं. मग पडदा सरकवून त्यांनी तो भव्य फोटो उघडा केला आणि ते म्हणाले, "मित्रहो, हे पाहा आपलं देरा! ना घर, ना दार, ना माणूस! अशा ठिकाणी हा मराठी माणूस एकटा उभा राहिला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी पहिल्या रांगेतले अहमद उठले, फोटोजवळ गेले, डाव्या कोपऱ्यात वाकले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले,

"ही आमची शेळी."

कोणाकोणाला लिफ्टबद्दल आपण काय काय बोललो होतो ते क्रमाने आठवू लागलं.

"तुम्हाला मराठी येतं?" कारखानीसांनी विचारलं.

"ताजबींनी वाढवलं मला," अहमद म्हणाले. "आईपेक्षा त्यांनीच जास्त मारलंय." मग ते पुन्हा फोटोकडे वळले. "हे आमचं अंगण. माझी आजी रोज झाडायची. वाळू बघा ना किती साफ आहे!"

"पण... घर दिसत नाही," समितीतले एक जण म्हणाले.

"घर कसं दिसेल? फोटो काढणारा आमच्या पायरीवर उभा होता. कॅमेऱ्याच्या मागे घर, घराच्या मागे काकांचं घर, त्याच्या मागे मशीद, मग बाजार. सगळं मागे." अहमद फार अदबीने बोलत होते. "समोर अंगण होतं. शेजारी शेळी."

ताजबी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "अरे, हा तो होय!" त्या पाटणकरांकडे बघून म्हणाल्या. "उन्हाने घेरी येऊन पडला होतास दारात. म्हातारीने पाणी पाजलं, खजूर दिला. जरा बरं वाटल्यावर म्हणालास, बरोबरच्याकडून फोटो काढून घेऊ का. म्हातारी म्हणाली, काढ. मी आत भाकऱ्या करत होते."

समितीने तातडीची बैठक घेतली. (मंचावरच, पाठ फिरवून.) अहमद यांचा अर्ज आत्ता भरून घ्यावा काय, असा प्रश्न निघाला. कारखानीसांनी नियम वाचले. अर्जात 'आगमनाचे साल' हा रकाना अनिवार्य होता. अहमद कुठून आलेच नव्हते, त्यांचे वडील आले नव्हते, आजीही आली नव्हती. ज्याचं आगमन नाही त्याला ज्येष्ठता नाही. सबब अर्ज अपूर्ण. ताजबींचं आगमन होतं, पण अर्ज नव्हता. 'आद्य रहिवासी' हा सन्मान एकमताने चंद्रशेखर पाटणकरांना देण्यात आला.

पाटणकरांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि ते मधल्या खुर्चीवर बसले. याच खुर्चीसाठी त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. आता त्यांना त्या म्हातारीची पितळी वाटी आठवली. पाणी कोमट होतं, आणि ते संपल्यावर तिने न विचारता पुन्हा भरून दिलं होतं. हे चोवीस वर्षांत आपण एकदाही कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर वाळू कमी झाली असती, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

ते उठून अहमदजवळ गेले. "तुमच्या आजीने मला पाणी दिलं होतं," ते म्हणाले. "आणि मी सगळ्यांना सांगत आलो की इथे कोणीच नव्हतं."

"नो प्रॉब्लेम, हबीबी," अहमद त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "सगळे तेच सांगतात. इंग्रज आले, तेव्हापण इथे नुसती वाळूच होती. खलास! चला, मोदक गार होतात."

मग पाटणकरांनी ती शाल ताजबींच्या खांद्यावर घातली. ताजबींनी ती उलटसुलट करून पाहिली, पोत चांगला असल्याचं सांगितलं आणि तिच्यात मोदकांचं पातेलं गुंडाळून ठेवलं, कारण आभारप्रदर्शन अजून बाकी होतं. कार्यक्रमाच्या अहवालात या प्रसंगाचा उल्लेख 'खेळीमेळीचे वातावरण' असा आहे. तो फोटो मंडळाच्या कचेरीत आजही आहे. शेळीवर घड्याळ लावलं आहे.

पुढच्या वर्षी पाटणकर साठीचे झाले आणि चार बॅगा, एक मिक्सर आणि कायमच्या खुर्चीचं प्रमाणपत्र घेऊन पुण्याला परतले. गावाबाहेरच्या एका टोलेजंग सोसायटीत त्यांनी आधीच फ्लॅट घेऊन ठेवला होता. सोसायटीचे सेक्रेटरी सिद्धार्थ गोखले पहिल्याच रविवारी भेटायला आले. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग गॅलरीतून हात करून ते म्हणाले, "तुम्ही आत्ता आलात म्हणून तुम्हाला हे सगळं तयार दिसतंय. आम्ही अठ्ठ्याण्णवला आलो, तेव्हा इथे काही म्हणजे काही नव्हतं. नुसता माळ!"

पाटणकरांनी विद्युल्लताबाईंना चहा ठेवायला सांगितलं, कारण आता तो नियम त्यांना लागू होता. मग त्यांनी विचारलं, "फोटो आहे?"

फोटो होता. गोखले तो उत्साहाने घेऊन आले. सपत्नीक गोखले, हातात कलश, मागे नुसता माळ. पाटणकरांनी चष्मा लावला आणि डावा कोपरा बराच वेळ पाहिला.

"ही शेळी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणती शेळी?" गोखले म्हणाले.

पाटणकर त्या सोसायटीत अजून 'ड' वर्गात आहेत आणि सभेच्या दिवशी खुर्च्या लावतात. वाचकांना या प्रकरणाशी काही कर्तव्य नाही, हे उघड आहे. तरी सवड मिळाल्यास त्यांनी घरातला जुना अल्बम काढावा. आपण आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं, हे सिद्ध करणारा एक फोटो त्यात असतोच. त्याचा डावा कोपरा पाहावा. शेळी नसेल तर उजवा पाहावा. तिथेही नसेल, तर फोटो काढणारा कोणाच्या पायरीवर उभा होता, तेवढं आठवावं.