घराला श्वास देणारी झडप

या, असे जवळ सरका. पाठीमागचं दार आधी ओढून घ्या, आणि दाराच्या वर काही झडपबिडप आहे का, ते तेवढं बघून घ्या. नाही ना? मग निर्धास्त ऐका. गोष्ट लहान आहे, पण देवाने माणसाला कान दोन आणि तोंड एकच का दिलं, याचा उलगडा तिच्यात आहे.

खिडक्या-दारांच्या एका कारखान्यात आराखडे काढणारा एक सज्जन होता. त्याला सगळे वारेबुवा म्हणत, कारण हा माणूस वाऱ्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलतच नसे. कुणी विचारलं, ‘काय बुवा, बरं आहे ना?’ तर हा बोट ओलं करून हवेत धरायचा आणि मगच उत्तर द्यायचा!

तर या वारेबुवांनी दारांवर बसवायची झडप काढली. लाकडी फ्रेम, तिच्यात आडव्या पट्ट्या, हव्या तशा झुकवता येणाऱ्या. स्वतःच्याच घरात तीन दारांवर त्यांनी त्या बसवल्या: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची खोली. तिन्हींच्या तारा आणून जोडल्या बैठकीच्या खोलीतल्या एका दांडीला. दांडीला खाचा तीन. पहिल्या खाचेत टाकली की स्वयंपाकघराची झडप उघडी, दुसरीत न्हाणीघराची, तिसरीत मागच्या खोलीची. एक उघडली की बाकीच्या दोन आपोआप बंद!

“आणि तिन्ही बंद करायच्या असल्या तर?” बायकोने विचारलं होतं.

“तशी खाच नाही!” बुवा छाती फुगवून म्हणाले. “अगं, श्वास बंद ठेवायची सोय देवाने जिवाला दिली नाही, मग घराला ती मी कोण देणार?”

बायकोने हात जोडले. देवाला की नवऱ्याला, ते तिचं तिला ठाऊक.

त्या दिवशी सकाळी घरी यायच्या होत्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. शाळेला चाळीस झडपा हव्या होत्या. कारखान्याच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, “बुवा, हे काम मिळालं तर तुमची झडप आपण बनवायला घेऊ. नाही मिळालं तर उद्यापासून आराखडे बंद, काचा कापायला बसा!” चार वर्षांची मेहनत एका सकाळवर येऊन टेकली होती हो!

बाई आल्या. मालकही आला, पण “एक फोन करून येतो” म्हणत मागच्या खोलीत गेला आणि दार लावून बसला. बुवांनी बाईंना मानाच्या खुर्चीत बसवलं. तिन्ही झडपांच्या पट्ट्या त्यांनी आदल्या दिवशीच अगदी मापून त्या खुर्चीच्या दिशेने झुकवल्या होत्या. पाहुण्यांच्या तोंडावर थेट झुळूक यायला हवी ना!

“आता बघा बाई, गंमत!” बुवांनी दांडी पहिल्या खाचेत टाकली.

झुळूक आली. आणि झुळुकीबरोबर बुवांच्या सासूबाईंचा आवाज आला, जसा काही खुर्चीच्या हातावरच बसून बोलतोय!

“कोण गं ही? किती ताठ! पाठीला फूटपट्टी बांधून आलीय की काय?”

“आई, हळू!” ही बुवांची बायको.

“दार लावलंय, हळू कशाला? चष्म्याच्या वरून बघते, खालून बघते, काचेतून एकदाही बघत नाही! चहात साखर कमीच घाल, असली माणसं गोड बोलत नाहीत.”

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. “हवा छान येते,” त्या म्हणाल्या.

बुवांच्या कपाळावर, एवढ्या झुळुकीतही, घाम! “दुसऱ्या दाराची तर याहून छान येते!” म्हणत त्यांनी घाईघाईने दांडी पुढे ढकलली.

खट्! स्वयंपाकघर मिटलं, न्हाणीघर उघडलं. आत सासरे आंघोळ करत होते आणि स्वतः जोडलेलं गाणं खुल्या गळ्याने गात होते:

“जावई माझा शहाणा, झडपा लावी दाराला…
खिडकी त्याची गळते रे, बनियन माझा भोकाला!”

पुढे तांब्याचा ठेका आणि तेच कडवं पुन्हा, या खेपेला तान घेऊन!

“सासरे आहेत,” बुवा पुटपुटले. “गोड गळा…”

“शब्दही स्पष्ट आहेत,” बाई म्हणाल्या.

आता उरली तिसरी खाच. बुवांनी देवाचं नाव घेतलं आणि दांडी ओढली. मागच्या खोलीतून मालकाचा आवाज आला. फोनवर तो मोठ्या खुशीत होता.

“अहो, शाळाच आहे ती! बुवाचं नवं काम नुसतं दाखवायला. बसवायच्या आपल्या गोदामातल्या गंजक्या, वरून रंग मारून! बाईंना काय कळतंय? खडू आणि फळा!”

बुवा उडालेच! दांडी मागे न्यावी तर सासरे, त्याच्या मागे सासूबाई! तिन्ही दारांवर तोफा आणि तोंड बंद करायची खाच नाही. शेवटी ते स्टुलावर चढले आणि उशी घेऊन झडपेवर दाबायला गेले. ताणलेली तार सटकली, पट्ट्या खाडकन मिटल्या आणि उशीसकट बुवांची बाही आत अडकली. स्टूल निसटलं. बुवा दाराला लोंबकळू लागले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे!

आवाजाने सगळे धावले. सासूबाई ओगराळं घेऊन, सासरे अंगाला टॉवेल गुंडाळून, मालक हसतमुखाने.

“काय बाई, पसंत पडलं का आमचं काम?”

बाईंनी मालकाकडे पाठ केली. लोंबकळणाऱ्या बुवांकडे बघून विचारलं, “तिन्ही एकदम बंद होत नाहीत का हो?”

बुवा लोंबकळत होते, पण माणूस सरळ. “नाही बाई. चूक माझीच. आणि दुसरं सांगतो, काचा कापाव्या लागल्या तरी चालेल, पण गंजक्या झडपा मी पोरांच्या डोक्यावर बसू देणार नाही!”

मालकाचं हसू जागच्या जागी वाळलं. सासूबाईंनी झडपेकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि ओगराळं हळूच पाठीमागे लपवलं. बायकोने स्टूल लावून बुवांना खाली उतरवलं.

बाई उठल्या. “वर्गांना साध्या झडपा चालतील. त्या मी दुसरीकडून घेईन.”

बुवांनी मान खाली घातली.

“पण ही तुमची तऱ्हा मला हवी आहे. एकच. तुमच्याच हातची, गंज नसलेली.”

“एक? कुठे बसवायची बाई?”

“माझी खोली आणि शिक्षकांची बसायची खोली, यांच्या मधल्या दारावर. पट्ट्या माझ्या खुर्चीकडे झुकवा. दांडी माझ्या बाजूला. आणि बंद करायची खाच मुळीच ठेवू नका!”

बुवा पुढच्याच आठवड्यात ती चोख बसवून आले. इतकी सुबक, की शिक्षकांनी त्यांना चहा पाजला आणि टाळ्या वाजवल्या. ‘आता बाईंचा स्वभाव सोडला, तर खोलीत गुदमरण्यासारखं काही उरलं नाही,’ असंही एक मास्तर खळखळून हसत म्हणाले म्हणे.

तेव्हा मंडळी, आज हात जोडाल, तेव्हा स्वतःसाठी मागून झालं की त्या मास्तरांचीही आठवण ठेवा. बिचारे अजून तिथेच बसतात आणि वारा खातात.