सायलेन्सरवरचा डबा

भांडगावच्या सोपानरावांनी आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर नवीकोरी निळी ताडपत्री टाकली आणि शेजारच्या हौसरावांचा जीव जळू लागला. दोघांचे ट्रॅक्टर एकाच वर्षी घेतलेले, सारखेच खिळखिळे. हौसरावांचा मात्र लिंबाखाली उघडाच असे. पाणी आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरवर तेवढा एक गंजका डबा पालथा घातलेला.

"आता येणाराजाणारा त्याचाच ट्रॅक्टर बघणार," ते बायकोला म्हणाले.

"ताडपत्रीखाली काय दिसतंय, कपाळ?" अनसाबाई म्हणाल्या.

हे हौसरावांना एकदम पटले. त्याच दुपारी ते सणसवाडीला जाऊन कंपनीतल्या मशिनांना गुंडाळतात तसला जाड, आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद घेऊन आले. आतला ट्रॅक्टर उठून दिसावा म्हणून तो आधी धुतला. सोपानराव समोरून बघत असताना तो वाळेपर्यंत धीर कोणाला? ओल्यावरच कागद गुंडाळला आणि मुंगी शिरणार नाही असा सुतळीने आवळला. डबा शोभेना, म्हणून बांधावर भिरकावला.

तिसऱ्या दिवशी सोपानरावांनीही ताडपत्री काढून ट्रॅक्टर धुतला आणि दोन पदरी प्लास्टिक गुंडाळले. हौसरावांना जेवण गोड लागेना.

आठवडाभर पाऊस लागला. मग उघडीप पडली, रानाला वाफसा आला. ज्वारी पेरायची तर हेच दोन दिवस. पुढे पुन्हा पाऊस सांगितला होता. हौसरावांनी सुतळी कापली, तशी आतून कोंदट वाफ तोंडावर आली. सीटवर बुरशी, वायरींची टोके हिरवी. किल्ली फिरवली तर ट्रॅक्टर हूं की चूं करीना. हौसरावांना रडूच यायचे बाकी होते. पण पलीकडे सोपानरावही नुसतेच किल्ली फिरवताहेत हे पाहून त्यांना जरा बरे वाटले.

तेवढ्यात बांधापलीकडच्या गीताबाईंचा ट्रॅक्टर धडधडत आला. तो तर दोघांच्याही आधीचा. दोघे धावले. आधी माझं रान पेरा, म्हणून दोघेही हट्टाला पेटले. मग हौसरावांची नजर मडगार्डवर ठेवलेल्या डब्यावर गेली.

"ह्यो डबा आमचा हाय. म्हंजी पयला नंबर आमचा."

"बांधावर पडला व्हता, भावजी. पावसात आमच्या सायलेन्सरला लई उपेगी पडला," गीताबाई म्हणाल्या. "तुमचा हाय तर घ्या."

त्यांनी डबा हौसरावांच्या हातात दिला आणि ट्रॅक्टर सोपानरावांच्या रानात घातला.

हौसराव डबा धरून बांधावर बसले. सोपानरावांचे रान पेरून होत आले होते, पण त्यांचे लक्ष काही तिकडे नव्हते. शेवटी न राहवून सोपानराव जवळ आले.

"हौसराव, असला डबा कुठं मिळंल वो?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हौसरावांना गार वाटले.