स्टोअरमध्ये जमा झालेला लाल दिवा

ही हकिकत मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्यातल्या एकानंही विश्वास ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही. तरी सांगतो, कारण माझा संताप अजून निवलेला नाही आणि तो कुणावर तरी काढलाच पाहिजे.

माझा थोरला भाऊ, दादा, कारखान्यात वायरमन होता. कारखान्याचं धुराडं एवढं उंच, की वरून थुंकलं तर थुंकी वाटेतच वाळायची. त्याच्या टोकाला विमानांना इशारा देणारा लाल दिवा. अंधार पडला की आपोआप लागायचा, उजाडलं की विझायचा. एके दिवशी सकाळी पहारेकरी सांगत आला, काल दिवा लागलाच नाही. एरवी दादा म्हणाला असता, बघू उद्या. पण त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या विमानानं वहिनी लेकीकडून परत येणार होती. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार, आणि ते विमान उतरताना वळायचं नेमकं आमच्या धुराड्यावरून!

दादा धावतच स्टोअरमध्ये गेला. "एक लाल दिवा द्या. वरचा गेलाय."

"जुना जमा करा, नवा न्या," स्टोअरकीपर चष्मा पुसत म्हणाला.

"अहो, जुना वर आहे."

"मग वर जा."

"जाणारच आहे! पण नवा घेऊन गेलो तर एका खेपेत काम होईल की नाही?"

"खेपा तुमच्या, नियम कारखान्याचा."

तीनशे बारा पायऱ्या! जिना नव्हे, लोखंडी शिडी. वाऱ्यात ती झुल्यासारखी हलते. दादा चढला, दिवा काढला, पिशवीत घालून उतरला. घामानं निथळत स्टोअरमध्ये पोचला. स्टोअरकीपरनं पाणीसुद्धा विचारलं नाही. शांतपणे दिवा टेबलावरच्या वायरीला जोडला आणि बटण दाबलं. दिवा ढणढणीत लागला.

"चांगला चालू दिवा आहे की हा!"

"असं? मग बिघाड वरच असणार. आणा इकडे, परत बसवतो."

स्टोअरकीपरनं दिवा उचलून मागच्या फळीवर ठेवला. "तो जमा झाला. आता बाहेर काढायचा तर मागणीपत्र लागेल. त्यावर साहेबांची सही."

"अहो, आत्ता मीच आणला ना? तुमच्या डोळ्यांदेखत!"

"आणलात म्हणूनच जमा झाला."

मी त्या जागी असतो तर त्या माणसालाच फळीवर जमा करून आलो असतो. पण दादा सज्जन. तो मागणीपत्र घेऊन साहेबांच्या दाराशी दोन तास बसला. मीटिंग संपली तेव्हा चार वाजून गेले होते. साहेबांनी कागद वाचला आणि भुवया चढवल्या.

"चालू दिवा तुम्ही काढलात कशाला? आधी लेखी खुलासा द्या."

"साहेब, माझी बायको सातच्या विमानानं येतेय हो!"

"ते खुलाशात लिहू नका. खाजगी कारणं चालत नाहीत."

दादानं खुलासा लिहिला. साहेबांनी त्यातल्या दोन ओळी खोडल्या आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहायला लावला. का, तर फायलीत खाडाखोड बरी दिसत नाही! इकडे माणसाचा संसार आकाशात लटकलाय, आणि यांना अक्षराची पडलीय!

साडेसहाला दादा पुन्हा टोकावर. दिवा बसवला. अंधारून आलं, तरी दिवा मख्ख. तेव्हा त्यानं नीट निरखलं. दिव्याशेजारी अंधार ओळखणारा काचेचा एक डोळा असतो. त्याच्या बरोबर दोन हात खाली, साहेबांच्या हुकमावरून, कारखान्याच्या नावाची नवी झगझगीत पाटी बसवली होती. आदल्या संध्याकाळीच सुरू केलेली. तिचा सगळा उजेड त्या डोळ्यात! डोळ्याला बिचाऱ्याला वाटत होतं, अजून दुपारच आहे.

"पाटी बंद करा!" दादा वरून ओरडला.

"साहेबांची सही आणा!" स्टोअरकीपर खालून ओरडला.

"मग घ्या ना सही!"

"साहेब घरी गेले!"

काय म्हणायचं याला? दादानं अंगातला शर्ट काढला आणि त्या डोळ्याभोवती गुंडाळला. दिवा भस्सकन लागला. तेवढ्यात वारा सुटला आणि शर्ट गेला उडून. दिवा पुन्हा गप्प. मग दादानं शिडीला पाय अडकवले आणि दोन्ही तळवे त्या डोळ्यावर दाबून धरले. अंगावर नुसता बनियन, वर लाल दिवा, आणि समोरून विमानाची घरघर.

विमान आलं. पायलटला लाल दिवा दिसला, त्यानं विमान कलतं केलं आणि धुराड्याला जेमतेम हातभर जागा सोडून वळवलं. इतक्या जवळून, की वहिनीनं दादाला ओळखलं. तिनं खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "अहो! बनियनवर काय उभे राहिलात? सर्दी होईल!"

मी हे सांगत असताना इथपर्यंत शेजारी मान खाली घालून शेंगा सोलत बसलेल्या वहिनीनं हातातली शेंग ताटात आपटली.

"भावजी, साफ खोटं! इतकी वर्षं ऐकून घेतेय. खिडकीजवळची जागा माझी नव्हतीच. तिथं दुसऱ्या एक बाई होत्या. खिडकी त्यांनी उघडली, मी नुसती ओरडले."