ताप घर बघायला येतो

दरवर्षी भाद्रपद उतरणीला लागला की डेंग्यू आमच्या गल्लीतली घरं बघायला येतो, आणि पसंत पडेल त्या घरी मुक्काम करतो.

सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला साखरेचा डबा कुठे असतो, देवघरातली घंटा कोणी वाजवायची आणि डेंग्यू कधी येतो, हे एका दमात सांगून टाकलं. बघण्याचा कार्यक्रम नेहमीसारखाच. नगरपालिकेचे ढगे मध्यस्थ, दिवस तेच ठरवतात. वेळ सकाळची, नाहीतर चारनंतरची. अंधार पडल्यावर डेंग्यू सहसा कोणाकडे जात नाही, त्या बाबतीत तो सभ्य आहे. पितृपक्ष त्याला आडवा येत नाही. आपण पोहे करायचे. पसंती कळवली की घरात जे माणूस सगळ्यात नवं, त्याने अंथरूण धरायचं.

"म्हणजे यंदा तू, केतकी," सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा मी धरलं. मग माझ्या धाकट्या जावेने, मग सुनेत्राने. तसं घाबरण्यासारखं नसतं. अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं. सुनेत्राला दुसऱ्या खेपेला तेवढं सलाईन लागलं."

"नारळपाणी मिळतं," माझा नवरा मकरंद म्हणाला. तो जन्मला त्याच वर्षी धाकटी काकू या घरात लग्न होऊन आली, त्यामुळे त्याची पाळी कधी आलीच नाही. त्याच्या आवाजात थोडी असूया होती.

मी बरं म्हटलं. नव्या सुनेला बरं म्हणायला फार प्रसंग येतात, त्यात हा एक.

आमचं घर डेंग्यूला आजवर दरवर्षी पसंत पडत आलेलं आहे, आणि सासूबाईंना त्याचा अभिमान आहे. धान्याच्या मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, तोही आला तर. म्हणून जिथे जे मावेल तिथे पाणी भरून ठेवायचं. मोरीत निळी पिंपं, मागे सिमेंटचा हौद, हंडे, कळश्या, टब, बादल्या. सासूबाईंच्या राज्यात तळ असलेली वस्तू कोरडी राहत नाही. टेकडीवरच्या कॉलनीत नळ रोज येतो. तिथे डेंग्यू उभ्या उभ्या चक्कर मारून परततो, कारण त्याला बसायला जागाच नसते. तिथली माणसं म्हणतात की खालच्या गल्लीतले लोक त्याला फार चढवून ठेवतात. त्यांच्या नळाला ते शोभतं.

तर सगळं ठरल्यासारखं होतं. पण माझ्या जाऊबाई, सुनेत्रावहिनी, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाल्या. मुलगी झाली. इतकी लहान, की दुपट्यात गुंडाळल्यावर दुपटंच जास्त दिसायचं. घरात आनंद झाला, पेढे वाटले. मग पेढा तोंडात असतानाच सासूबाई थांबल्या आणि पाळण्याकडे बघत राहिल्या. घरात आता सगळ्यात नवी मी नव्हते.

ढगे दिवस सांगायला आले तेव्हा सासूबाईंनी विषय काढला.

"अहो ढगे, बाळाचं बारसं व्हायचंय अजून. नावच नाही, तर माणूस धरायचं का?"

"नावाचा संबंध नाही आजी. शेवटी जो आला तो नवा."

"मग हिलाच पुन्हा नवी धरा ना. आहेच की नवी. अजून भाकरी गोल येत नाही हिची."

"भाकरीवर ठरत नाही," ढगे गंभीरपणे म्हणाले. "यांचं लग्न पुन्हा लावलं, तर बघता येईल. पण ते याच घरात नाही चालणार."

सुनेत्रावहिनी आतून म्हणाल्या, "भाऊ, तिला नाही हो झेपायचं. तिला ढेकरसुद्धा झेपत नाही अजून."

ढगेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला का कळत नाही ताई? मलाही नातवंडं आहेत. पण मी फक्त दिवस ठरवतो. कोणी पडायचं ते माझ्याकडे नाही."

"मग येऊच नका म्हणावं त्यांना."

"सुनेत्रा," सासूबाई म्हणाल्या. आवाज पडला होता, पण म्हणाल्या. "घर बघायला येणाऱ्याला येऊ नको म्हणतात का? पिढ्यांचा शिरस्ता आहे."

मी चहा ठेवायला आले होते. मी सहसा बोलत नाही, म्हणून बोलले की सगळे वळून बघतात. "पाहुण्यांनीच नकार दिला तर?"

"तर प्रश्नच मिटला," ढगे म्हणाले. "पण या गल्लीत त्यांनी आजवर एका घराला नाही म्हटलेलं नाही."

चहाचे कप उचलताना मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. कारण नकार या विषयात माझा हात धरणारं माहेरच्या तालुक्यात कोणी नव्हतं. दोन वर्षं मी मोरपंखी साडी नेसून पोहे दिले होते आणि मला हरतऱ्हेचे नकार आले होते. उंचीवरून आले, नोकरीवरून आले, एकदा तर आमच्या जिन्यावरून आला. त्यातून मला एवढं कळलं होतं की पाहुणे माणसाला नाकारत नाहीत. या घरात आपण टेकणार कुठे, हे त्यांना दिसत नाही, म्हणून ते उठतात. मकरंदच्या घरचे आले तेव्हा ती साडी धोब्याकडे होती. मी साधा पंजाबी ड्रेस घातला होता आणि होकार आला. तेव्हापासून साडी बॅगेच्या तळाशी पडून होती.

दुसऱ्या दिवशी मी मोरीत शिरले.

"पाणी सांडायचं नाही हं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "नळाला अजून पाच दिवस आहेत."

"सांडत नाही आई. पाहुणे यायचेत, भांडी तरी घासायला नकोत?"

त्या दारातून बाजूला झाल्या. पाहुण्यांसाठी घासलेल्या भांड्यांना जगात कोणी हरकत घेतलेली नाही. मी एका पिंपातलं पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्यात घेतलं, रिकामं पिंप काथ्याने आतून खरवडून घासलं, मग तिसऱ्याचं पाणी त्यात. डेंग्यूच्या घरची मंडळी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात, पाणी बदललं तरी उठत नाहीत, त्यांना काथ्याच लागतो. फडक्यात वळवळणारी पोरंसोरं मी अंगणातल्या तापल्या फरशीवर झटकली. फ्रिजच्या मागचा ट्रे ओतला. मनी प्लांटची बाटली काढून रोप मातीत लावलं. गच्चीवर मुकुंदभावजींच्या, म्हणजे सुनेत्रावहिनींच्या नवऱ्याच्या, जुन्या स्कूटरचं टायर होतं, त्यात गेल्या पावसाचं पाणी जपून ठेवल्यासारखं होतं. ते झाडाला घातलं.

शेवटी मोरपंखी साडी काढली. वीण बारीक, मुंगीही जाणार नाही अशी. तिचे तुकडे करून मी प्रत्येक पिंपाच्या तोंडाला बांधले, हौदावर काठाचा भाग ताणून घेतला. साडीला नकाराचा अनुभव होताच.

"चांगली साडी फाडलीस," सासूबाई म्हणाल्या.

"पिंपं उघडीबोडकी बरी नाही दिसत, आई."

त्या हळूच म्हणाल्या, "ते मात्र खरं."

डेंग्यू ठरल्या दिवशी सकाळी नऊला आला. सडसडीत, काळ्या कपड्यांत, मोज्यांवर पांढरे पट्टे. सोबत मावशी. बघण्याच्या प्रत्येक कार्यक्रमात एक मावशी असते. ती मुलीकडे बघत नाही, कोपरे बघते. ही मावशी म्हणजे चिकनगुनिया. ती खुर्चीत बसली आणि माझे गुडघे दुखले.

"प्रवास ठीक झाला ना?" सासूबाईंनी विचारलं.

"इथल्या इथेच तर यायचं. नाल्याजवळून आलो." त्याने घरभर नजर फिरवली. "घरात माणसं किती?"

"सहा आणि बाळ."

"वा. भरलेलं घर आहे. बाळ दिवसा झोपतं?"

सुनेत्रावहिनींनी पाळण्याच्या दोरीवरचा हात काढला नाही. "मच्छरदाणीत झोपतं."

"रात्री?"

"दिवसाही."

त्याला ते लागलं असावं. त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. सासूबाईंनी लगबगीने पाणी पुढे केलं.

"ताजं नको," तो म्हणाला. "साठलेलं असेल तर घेईन."

"साठलेलंच आहे हो. पण गाळलेलं आहे," मी म्हटलं. "आणि झाकलेलं."

मावशी उठली. आधी मोरीत गेली, मग हौदाकडे, मग जिन्याने गच्चीवर. वर ती बराच वेळ टायर शोधत होती. खाली पाळण्याची कडी तेवढी कुरकुरत होती. सासूबाई एकदा पाहुण्यांकडे आणि एकदा पाळण्याकडे बघत होत्या, आणि त्यांना कोणाच्या बाजूने काळजी करावी ते ठरवता येत नव्हतं.

मावशी परत आली आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. तो उठला.

"पोहे छान झाले होते," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. पोह्यांचं कौतुक झालं की काय कळवणार ते मला पाठ आहे.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"घरी बोलतो. कळवतो."

निरोप संध्याकाळीच आला. ढगे दारातच उभे राहिले. "पत्रिका जमत नाही म्हणाले."

सुनेत्रावहिनींनी बाळाला उचललं आणि तोंड पदराने झाकून घेतलं, स्वतःचं. सासूबाई मात्र खाटेवर बसल्या. "काय कमी होतं आमच्यात?" त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. माझी आई प्रत्येक वेळी हेच म्हणायची. मी त्यांना पाणी दिलं, आईलाही द्यायचे तसं.

शेजारच्या झरीनाभाभी भिंतीवरून वाकल्या. त्यांची अम्मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून गेल्या महिन्यात त्यांच्याकडे राहायला आली होती. "तुमच्या घराला नाही म्हणाले म्हणे. म्हणजे उद्या आमच्याकडे. अम्मीला कसं झेपणार गं?"

मी आत जाऊन साडीचं उरलेलं बघितलं. वीतभर चिंध्याच राहिल्या होत्या. "भाभी, तुम्हाला बघायला आले तेव्हा काय घातलं होतं?"

"गुलाबी ड्रेस. का?"

"कुठाय?"

भाभींनी मागे वळून घरात बघितलं. "पेटीत. तळाला. मोठा दुपट्टा आहे त्यावर."

मग कळलं की गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या पेटीत तळाला असं काहीतरी आहे. पुन्हा न नेसलेलं, टाकूनही न दिलेलं. आठवड्याभरात मोऱ्यांमधून काथ्याचे आवाज यायला लागले आणि गल्लीतली पिंपं लाल, पोपटी, जरीकाठी, टिकल्यांची अशी नटून दारात रांगेने उभी राहिली. डेंग्यू घरोघर गेला, सगळीकडचे पोहे त्याने चांगले झाले म्हणून सांगितलं. पुढे तो टेकडीवरच्या कॉलनीत गेल्याचं ढगेंनी सांगितलं. तिथे बागेत कारंजं आहे. उद्घाटन झालं त्या दिवशी तेवढं उडालं होतं, पाणी अजून तेच आहे. तिथे पोहेसुद्धा मागितले नाहीत म्हणे, उभ्या उभ्या होकार दिला. नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी तिथे धुराची गाडी पाठवली, आमच्याकडे ती कधी आलेली नाही. ढगे म्हणाले, "त्यांना सवय नाही ना."

आमच्या बाळाचं बारसं झालं. नाव रेवती ठेवलं. पाळण्याभोवती बायका जमल्या तेव्हा सासूबाईंच्या बहिणीने विचारलं, "का गं, यंदा तुमच्याकडे डेंग्यूचं काही ठरलं नाही म्हणे?"

सासूबाईंनी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि आवाज उतरवला.

"चालून आलं होतं. पण आम्हीच नकार कळवला. मुलगी लहान आहे अजून."

नळ आदल्या दिवशीच येऊन गेला होता, पिंपं काठोकाठ होती. मी मोरीत जाऊन मोठ्या पिंपाचा पदर सारखा केला.