डावीकडचा कार्बोरेटर

ओट्यावर चहाचं भांडं दिसेना, तेव्हाच काकूंनी ओळखलं की कार्बोरेटर पुन्हा खोलला गेलाय.

मागच्या दारी टर्नरकाका स्टुलावर बसले होते. समोर जुनी चादर अंथरलेली होती, तिच्यावर स्क्रू, स्प्रिंगा आणि पितळेचे इवलेसे जेट ओळीने मांडलेले होते. चहाच्या भांड्यात पेट्रोल होतं.

"अहो, त्यात मी चहा करते."

"आता दुसऱ्यात कर."

"दुसऱ्यात परवा तुम्ही फ्लोट उकळलात."

"मग तिसरं घे. घरात भांड्यांना काय तोटा आहे?"

तेवढ्यात सून तोंडात बोट घालून दारात आली. "बाबा, माझा ब्रश दिसत नाहीये."

काकांनी हातातला ब्रश पाठीमागे नेला. "जुना झाला होता."

"कालच आणलाय."

"तरीच केस कडक आहेत," काका म्हणाले आणि जेट घासू लागले.

काकांचं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना टर्नरकाकाच म्हणे. मोटरसायकल त्यांच्या मुलापेक्षा वयानं मोठी. तिला दोन सिलिंडर होते, म्हणून दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखा श्वास घेतला की गाडी गुणगुणायची. एकानं जरा कमीजास्त केलं की खोकायची. ते तपासायची काकांची एक पद्धत होती. बागेला पाणी घालायच्या नळीचे दोन तुकडे ते दोन कार्बोरेटरांच्या तोंडाशी लावत, वरची टोकं आपल्या दोन कानांत खोचत आणि गाडीवर बसून डोळे मिटत. डावीकडची फुसफुस डाव्या कानात, उजवीकडची उजव्या. त्या वेळी गाडी दुखणाईत आहे की काका, हे नवख्या माणसाला सांगता आलं नसतं.

या खेपेला दुखणं डावीकडे होतं. डाव्या बाजूची फुसफुस कमी येत होती. काकांनी डावा कार्बोरेटर धुतला. कमीच. जेटच्या भोकातून ब्रशचा केस फिरवला. कमीच. काकूंनी शिवणाच्या डब्यातली सुई पुढे केली, तर काका दचकले.

"जेटला सुई लावायची नाही. भोक मोठं झालं की जेट गेला. सुईचं भोक मला लांबून ओळखू येतं."

काकूंनी सुई डब्यात ठेवली.

मग काकांनी डावीकडचा स्क्रू पिळून पिळून त्या बाजूचा आवाज वाढवला. दोन्ही कानांत सारखी फुसफुस आली, काका समाधानानं हसले आणि त्यांनी मूठ पिळली. गाडी अंग झटकल्यासारखी हलली आणि सायलेन्सरमधून बार निघाला. कुंपणापलीकडे शेजारचे वकील कोर्टात जायच्या तयारीत, पांढऱ्या शर्टात, फोनवर बोलत उभे होते. ते खाली बसले. उठले तेव्हा शर्ट पांढरा नव्हता.

"काका, मी यावर हरकत घेऊ शकतो," वकील शांतपणे म्हणाले.

"घ्या. पण बार कुठल्या बाजूनं आला ते आधी सांगा."

"मला तर सगळ्याच बाजूंनी आला."

दुसऱ्या दिवशी काकांनी शेवटचा उपाय केला. दोन्ही स्क्रू पहिल्यासारखे केले, डावीकडचा कार्बोरेटर उजवीकडे बसवला आणि उजवीकडचा डावीकडे. दोष कार्बोरेटरात असेल, तर तो आता उजवीकडे जायला हवा. काकांनी नळ्या कानांत घातल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. दोष डावीकडेच होता.

त्यांनी डावीकडचा स्क्रू पुन्हा पिळून पाहिला, पण गाडी खोकतच राहिली, तशी त्यांनी ती बंद केली. हात पुसत आत आले आणि सुनेला म्हणाले, "त्या गृहस्थाला फोन कर. रविवारी ये म्हणावं."

जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ कित्येक वर्षं या गाडीवर डोळा ठेवून होते. सुनेनं सासूकडे पाहिलं.

"अहो, असं काय करता?" काकू म्हणाल्या.

"दोष इंजिनातच आहे. ते उघडायचं म्हणजे माझ्याच्यानं आता होणार नाही. ज्याला बरं करता येईल त्याच्याकडे जाऊ दे तिला."

लग्न होऊन काकू या घरात आल्या तेव्हा प्रत्येक खोलीत माणसं होती. सासूसासरे, दीर, नणंदा, शिकायला राहिलेला एक भाचा. नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा म्हणून नव्हती. मग भाजी आणायच्या निमित्तानं दोघं गाडीवर निघत, आणि बाजार जवळ असूनही लांबच्या रस्त्यानं जात. काकू काकांच्या डाव्या खांद्याशी मान काढून बसायच्या आणि बोलायच्या. सासूबाई काय म्हणाल्या ते, मुलाचं नाव काय ठेवायचं ते, मूल होणार आहे हेसुद्धा त्यांनी तिथेच, एका चढावर सांगितलं होतं. तेव्हा गाडी बंद पडली होती. तो दोष कार्बोरेटरचा नव्हता.

"द्या इकडे त्या नळ्या," काकू म्हणाल्या. "एकदा मी ऐकते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"चालू तर करा."

त्या गाडीवर चढून बसल्या. नळ्या कानांत घातल्या. "डावीकडे तर नुसता नाग सोडल्यासारखा आवाज आहे. गप्प आहे तो उजवीकडचा."

"नळ्या उलट्या धरल्यास." काकांनी वाकून पाहिलं. नळ्या सुलट होत्या. "तुला सवय नाही," ते म्हणाले आणि गाडी बंद करून पुन्हा स्टुलावर बसले.

काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. "चहा आणलाय." काका जेट न्याहाळत राहिले. काकू वळसा घालून उजवीकडे गेल्या. "चहा आणलाय."

"ठेव की. उभी का?"

काकूंनी कप ठेवला. मग त्यांना एकेक आठवू लागलं. काका हल्ली फोन उजव्या कानाला लावतात. जेवायची खुर्ची त्यांनी आपणहून पलीकडे हलवली, वारा लागतो म्हणून, आणि तिथे तर खिडकीच नाही.

सांगून टाकणं सोपं होतं. पण काकूंना कारखाना ठाऊक होता. तिथे काका दारातून आत येता येताच सांगत, की पलीकडच्या लेथवरचं पातं बोथट झालंय. चष्मा लागला तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. "डोळ्यांचं काय एवढं," म्हणाले होते, "मशीन कानानं चालतं." आता त्या कानाबद्दल कुठल्या तोंडानं बोलायचं?

शनिवारी दुपारी काका झोपले. काकूंनी शिवणाचा डबा उघडला. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते, हात अजून थरथरत नव्हता.

रविवारी सकाळी ते गृहस्थ टेम्पो घेऊन हजर झाले. काका किल्ली आणायला वळणार, तोच काकू ओल्या हातानं पुढे आल्या.

"अहो, ही डावीकडची नळी बघा बरं. कुंड्यांना पाणी घालायला घेतली, तर कारंजं झालं. फुटकी आहे. हिच्यातून काय डोंबल ऐकू येणार?"

काकांनी नळी घेतली. एक टोक अंगठ्यानं बंद करून फुंकून पाहिली, मग उजेडात धरून फिरवली. पुष्कळ वेळ फिरवली. मग काकूंकडे पाहिलं. काकू कुंड्यांकडे पाहत होत्या.

"हं," काका म्हणाले. "फुटकीच आहे."

त्यांनी ती बाजूला टाकली आणि चांगली नळी उचलली. ती उजव्या कानात खोचून आधी एका कार्बोरेटरशी लावली, मग दुसऱ्याशी. डावीकडचा स्क्रू मागे घेतला, आणखी मागे घेतला. खोकला थांबला. मग अंगणात ती जुनी गुणगुण सुरू झाली, आणि कुंपणापलीकडे वकिलांनी खबरदारी म्हणून घातलेला रेनकोट काढला.

"दोष काय होता?" गृहस्थांनी विचारलं.

"नळीत."

"पेट्रोलच्या?"

"ऐकायच्या."

गृहस्थ थोडा वेळ विचार करत उभे राहिले, मग रिकामा टेम्पो घेऊन गेले.

संध्याकाळी काका म्हणाले, "चल, भाजी आणू." भाजी सकाळीच आणली होती, पण काकू लगेच चपला घालून मागे बसल्या. गाडी लांबच्या रस्त्याला लागली.

काकांनी मान जराशी वळवली. "नळी आपली आपण फुटली, तर अशी सरळ ओळीत फुटत नाही. दोन भोकांतलं अंतरसुद्धा सारखं होतं. टाके घातलेस तू."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"शिलाई चांगली होती."

काकूंनी नेहमीसारखी डाव्या खांद्याशी मान नेली आणि काहीतरी म्हणाल्या. उत्तर आलं नाही.

"त्या बाजूला नको," थोड्या वेळानं काका म्हणाले. "तो गेला. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथे काही झालं नाही. तूच सगळं त्याच कानात बोललीस. वापरून संपवलास."

पुढच्या चौकापर्यंत काकू गप्प होत्या. या गाडीवर हे पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी मान उजव्या खांद्याशी आणली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि येताना सुनेला ब्रश घ्यायचा."

"जाऊ. पण हळू बोल," काका म्हणाले. "आता हा एकच उरलाय."